तेजाबाला महिनाअखेर नसते

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आधी तो तळहातावर आपटायचा, मग आतले सेल जागच्या जागी फिरवायचे, मग ते काढून गॅलरीतल्या उन्हात ठेवायचे आणि एवढे करूनही भागले नाही तरच कुणाला तरी कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचे, हा आपल्या घरांतला ठरलेला क्रम आहे. माझ्या पिढीतल्या पोरांनी याच्या पुढची पायरीही गाठलेली असायची. संपलेला सेल दगडाने फोडायचा, मधली कोळशाची कांडी काढून तिने फरशीवर रेघोट्या ओढायच्या आणि हाताला लागलेल्या काळ्या भुकटीबद्दल आईचे बोलणे खायचे. ती काळी भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी १८६६ साली तिचा उपयोग विजेच्या घटात करून दाखवला आणि आजही घड्याळातला साधा सेल तिच्याच जोरावर टिकटिकतो.

ही भुकटी जिथून येते त्यांतली एक जागा आपल्या नागपूरपासून फार लांब नाही. भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या भागात, डोंगरी बुजुर्ग नावाची मँगनीजची उघडी खाण आहे. तिथले खनिज सेल बनवणाऱ्या कारखान्यांना चालते. त्याच ठिकाणी ‘मॉयल’ या सरकारी कंपनीने देशी तंत्रज्ञानावर एक कारखाना उभारला. विजेच्या साहाय्याने अतिशुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा. मुळातली क्षमता वर्षाला हजार टनांची. मॉयलचे मुख्यालय नागपुरात आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पण तिची मुळे १८९६ पर्यंत जातात, आधी ती विलायतेत नोंदलेली ब्रिटिश कंपनी होती, १९६२ साली ती भारत सरकार, दोन राज्ये आणि जुनी कंपनी यांच्या भागीदारीत आली आणि १९७७ साली पूर्णपणे सरकारी झाली, हे सांगितलेले बरे. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला ही नावे आपण एस.टी.च्या पाट्यांवर वाचतो. जगाच्या पोलादात त्या गावांच्या मातीचा वाटा आहे.

मी हा विषय का काढला? मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. आयुष्य बँकेत गेले, उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात. पण बँकेच्या नोकरीत मला कारखान्यांची तपासणी करत हिंडावे लागले. त्या हिंडण्यात एक गोष्ट ध्यानात आली. कारखाना बुडतो तो बहुधा मोठ्या चुकीने बुडत नाही. तो उशिरा कळलेल्या छोट्या गोष्टीने बुडतो. आणि ज्या कारखान्यांत आम्ल आहे, तिथे ‘उशिरा’ या शब्दाचा अर्थ आपल्या हिशेबातला नसतो.

डोंगरी बुजुर्गसारख्या कारखान्यात काय चालते ते आधी थोडक्यात सांगतो. खनिज भाजून आणि त्यातला थोडा प्राणवायू काढून घेऊन ते आम्लात विरघळेल असे करतात. मग गंधकाम्लात, म्हणजे आपल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, ते विरघळवतात. खनिजासोबत लोखंड येते, थोडे तांबे, निकेल, कोबाल्ट येते. ही मंडळी नको असतात. द्रावणाची आम्लता कमी करत नेली की लोखंडाचा तांबूस, बुळबुळीत साका खाली बसतो. बाकीच्यांना गंधकाच्या संयुगांनी बाहेर काढतात. मग गाळायचे आणि निवळ द्रावण नव्वद अंशांच्या वर तापवून त्यातून वीज सोडायची. एका टोकाला काळा कठीण थर साठू लागतो, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन वायू सुटतो, आणि मधल्यामध्ये गंधकाम्ल पुन्हा तयार होते. ते फेकून द्यायचे नसते. पुढचे खनिज विरघळवायला तेच परत पाठवायचे.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. जे आम्ल फिरून फिरून परत येते, त्याच्याबरोबर त्यातली घाणही परत येते. आज राहिलेले निकेल उद्याच्या निकेलमध्ये मिळते, परवाच्या त्यावर चढते. हे चक्रवाढ व्याज आहे. आणि मर्यादा किती? दहा लाख भागांत मोजके काही भाग. म्हणजे दहा लाख रुपयांच्या नाण्यांच्या राशीत दोनचार रुपयांची खोटी नाणी. एवढ्याशा निकेल-तांब्याने सेलच्या आत, कपाटात नुसते पडून असतानाही, जस्त झिजू लागते, वायू धरतो, सेल फुगतो किंवा पाझरतो. लोडशेडिंगच्या काळात ऐन गरजेला टॉर्च उघडावी आणि आत पांढरट-हिरवट बुरशीसारखा राप दिसावा, हा अनुभव कुणाला नाही? पाझरण्याची कारणे आणखीही असतात, पण मालातली अशुद्धी हे त्यांतले एक जुने कारण.

वीज सोडल्यावर काळा थर जमायला कित्येक दिवस लागतात. द्रावणात काही बिघडले आहे हे थर खरवडून काढल्यावर कळले, तर तेवढ्या दिवसांची वीज, मजुरी आणि माल वाया. म्हणून मधल्यामधे नमुना घ्यायचा, गाळायचा, तपासायचा. ऐकायला सोपे आहे. पण गोम इथेच आहे, आणि ती मला कळायला एक वेगळाच कारखाना पाहावा लागला.

हिंगणा रस्त्यावरच्या एमआयडीसीत तारा ओढण्याचा एक छोटा कारखाना आमच्या शाखेचा कर्जदार होता. नाव सांगत नाही. गोष्ट नव्वदच्या दशकातली. लोखंडी सळ्यांवर भट्टीतला काळा पापुद्रा असतो. तो काढल्याखेरीज तार ओढता येत नाही, कारण पापुद्रा साच्याला ओरखडे पाडतो. त्यासाठी सळ्यांची वेटोळी हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत बुडवतात, मग पाण्याने धुऊन चुन्याच्या पाण्यातून काढतात. आम्ल अशक्त झाले तर पापुद्रा राहतो. आम्ल जास्त तेज झाले, किंवा सळी जास्त वेळ बुडाली, तर ते पापुद्रा खाऊन लोखंडालाच लागते. शिवाय त्या झटापटीत सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि वरून चांगली दिसणारी तार ओढताना कडकन तुटते.

ह्या कारखान्याच्या तारा तुटू लागल्या. गिऱ्हाइकाने माल परत केला. परत आलेला माल स्टॉक स्टेटमेंटमध्ये पुन्हा दिसू लागला, पण त्याची किंमत भंगाराची; ड्रॉइंग पॉवर खाली आली, कॅश क्रेडिट खाते हद्दीबाहेर गेले आणि कामगारांचा पगार दोनदा लांबला. मी तपासणीला गेलो तेव्हा मालक म्हणाला, “साहेब, आम्ही टाकी रोज तपासतो. रिपोर्ट फायलीला लावले आहेत.” फाईल खरोखर नीट होती. आमच्या शाखेतल्या काही फायलींपेक्षा नीट. रोज सकाळी टाकीतून बाटली भरायची, स्कूटरवरून शहरातल्या खाजगी प्रयोगशाळेत पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट यायचा: आम्ल कमी, लोह जास्त. मालक रिपोर्टबरहुकूम नवीन आम्ल ओतायचा. तरी तारा तुटतच होत्या. उलट जास्त तुटत होत्या.

टाकीवर एक वयस्कर कामगार होता, भंडाऱ्याकडचा. त्याला सगळे मामा म्हणत. त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा चट्टा होता. तो कसला, हे विचारायची गरज नव्हती. मी त्याला विचारले, मामा, तुम्हाला काय वाटते? तो म्हणाला, “साहेब, टाकी तं तेज हाय. नाकाले समजते नं. पन कागद म्हनते कमी हाय, मंग शेठ वतते.” मी म्हटले, रोजच्या तपासणीत तरी काही सुटायला नको. तेव्हा मामा हसला. “तुमच्या बँकेले महिनाअखेर असते साहेब. हिशेब मांडेपर्यंत सारं थांबते. तेजाबाले कुठची महिनाअखेर? बाटलीत भरलं म्हून ते काय थांबते काय?”

तेव्हा मला ते वाक्य नुसते चटकदार वाटले. त्याचा अर्थ पुढे दोन महिन्यांनी कळला. मालकाच्या भावाच्या ओळखीने लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली एक तरुण केमिस्ट तिथे आली. रिपोर्ट न पाहता तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “नमुना किती वाजता घेतला, आणि तपासला किती वाजता?” फायलीत तारीख होती, वेळ कुठेच नव्हती.

मग तिने काचेच्या दोन बाटल्या भरल्या. एक तशीच ठेवली. दुसरीतले आम्ल टाकीजवळच, लगेच, गाळून घेतले. पहिल्या बाटलीच्या तळाशी पापुद्र्याचे काळे कण होते, लोखंडाचा बारीक चुरा होता. संध्याकाळपर्यंत, रात्रभर, आम्ल त्या कणांना खात राहिले. आम्ल खर्ची पडले, लोह वाढले. वर झाकण सैल, त्यातून वाफही उडून गेली. प्रयोगशाळेने खोटे काही लिहिले नव्हते. तिने बाटलीचा खरा रिपोर्ट दिला होता. पण तो बाटलीचा होता, टाकीचा नव्हता. टाकीत आम्ल भरपूर होते. मालक त्यात रोज आणखी ओतत होता.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही शिल्लक तिजोरी बंद केल्यावर मोजलेली नव्हती, तिजोरी उघडी आणि व्यवहार चालू असताना मोजलेली होती. गाळणे म्हणजे तिजोरीला कुलूप लावणे. आम्ल एका बाजूला आणि त्याचे खाद्य दुसऱ्या बाजूला झाले की तो क्षण बाटलीत पक्का होतो. मग तपासणी दोन तासांनी करा की दुसऱ्या दिवशी, उत्तर त्या क्षणाचे येईल. म्हणून या साऱ्या उद्योगात घाई हवी ती मुख्यतः नमुना घेण्यात आणि गाळण्यात. नेमके तेच काम सगळीकडे सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे आणि सर्वांत जुन्या बाटलीकडे सोपवलेले असते.

आता गाळण्याबद्दल. हे काम आपल्या घरोघरच्या बायकांना कोणत्याही इंजिनियरपेक्षा चांगले कळते. श्रीखंडाचा चक्का आठवा. दही पंचात बांधून टांगले की सुरुवातीला पाणी भराभर गळते, मग थेंब थेंब, मग जवळजवळ थांबते. पंचाची विणकर काही बदललेली नसते. दह्याचाच थर कापडाला आतून लिंपतो आणि खरी गाळणी तो थर होऊन बसतो. घाईने पिळले तर चक्काच कापडातून बाहेर येतो. वर वजन ठेवले तर काम लवकर होते, पण तेही बेताचे हवे. लोखंडाचा तो बुळबुळीत तांबूस साका अगदी दह्याच्या स्वभावाचा. साध्या गाळकागदावर ओतला की पाच मिनिटांत कागदाचा जीव गुदमरतो आणि मग तास-दीड तास थेंब मोजत बसायचे.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरमुळे आपल्याला ज्यांचे नाव माहीत असते त्या जर्मन बुन्सेननी याच वैतागातून १८६८ साली उपाय सुचवला. गाळणीच्या खालच्या बाजूने पाण्याच्या धारेच्या पंपाने हवा ओढून घ्यायची, म्हणजे वरची हवाच द्रव खाली दाबते. आजही तत्त्व तेच आहे, फक्त पंप विजेचा झाला. पण आम्लाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते: गाळणी कशाची करायची? तीव्र गंधकाम्ल कागद जाळून काळा करते. काच बऱ्याच आम्लांना दाद देत नाही, पण हायड्रोफ्लुओरिक आम्ल काचच खाते. म्हणून कुठे काचतंतूंची चकती, कुठे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो त्या टेफ्लॉनची बारीक छिद्रांची पातळ त्वचा. छिद्रे किती बारीक? प्रयोगशाळांतले नेहमीचे माप ०.४५ मायक्रॉन, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही निम्म्याहून कमी. अशी चकती इंजेक्शनच्या सिरिंजला लावून, दट्ट्या दाबून, टाकीशेजारी उभ्या उभ्या दोन मिनिटांत चमचाभर निवळ आम्ल काढता येते. तपासणीला तेवढे पुरते. मोठ्या प्रयोगशाळांत वीस-वीस नळ्या एकाच चौकटीत बसवून एकाच पंपावर गाळतात. आणि जिथे आम्ल नळातून अखंड वाहते, तिथे मुख्य नळाला एक बारीक पोटनळ काढून त्यातून द्रव सतत फिरता ठेवतात. हेतू असा की नमुना ताजा मिळावा, नळाच्या आडव्या फाट्यात तासन् तास साचलेला शिळा नव्हे. घरातला नळ सकाळी सोडला की पहिले तांब्याभर पाणी आपण टाकून देतो, तसेच हे.

शेवटचे परीक्षण करणारी यंत्रे तर आता थक्क करणारी आहेत. आर्गॉन वायूच्या, सूर्याच्या पृष्ठभागाहून तप्त ज्योतीत नमुन्याचा फवारा सोडला की दोनेक मिनिटांत वीस-तीस मूलद्रव्यांचा हिशेब समोर येतो. पण फवाऱ्याचे छिद्र केसासारखे. एक कण अडकला की यंत्र बंद. म्हणजे पुन्हा गाळणे आले. दोन मिनिटांच्या यंत्रापर्यंत पोचायला नमुन्याला दीड तास. मला आमची शाखा आठवते. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत लेजर भरायची यंत्रे येऊ लागली. आमच्याकडे यंत्र आले, नारळ फुटला, पेढे वाटले. यंत्र नोंद क्षणात करी. पण व्हाउचर त्याच्यापर्यंत पोचायला तीन सह्या लागत आणि त्यांतला एक सही करणारा चहाला गेलेला असे. गिऱ्हाइकाचा वेळ तेवढाच लागायचा, फक्त आता तो थंडगार काचेच्या खोलीबाहेर जायचा.

मग गाळण्याची भानगडच नको, नुसती काडी बुडवून आम्लता मोजता येत नाही का, असे कुणी विचारील. येते, काही ठिकाणी. आम्लतेची ‘पीएच’ ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सनने १९०९ साली, एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करताना दिली. ती मोजणारे सुटसुटीत यंत्र अमेरिकेत बेकमनने १९३४ च्या सुमारास बनवले ते कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसापायी. संत्र्यांच्या शहराला हे कळले पाहिजे! आपल्याकडे मात्र संत्र्याची आंबटगोडी आजही दलाल फोड चाखून ठरवतो आणि भाव पाडतो. असो. पण ही काडी सौम्य आम्लांत शहाणी असते. तीव्र आम्लात ती गोंधळते. तिथे घनता पाहतात किंवा विद्युतवाहकता. त्यातही फसगत आहे. गंधकाम्लात पाणी कमी करत गेलो तर वाहकता वाढत जाते, तीस टक्क्यांच्या आसपास शिगेला पोचते आणि मग उतरू लागते. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ. डोंगराच्या दोन्ही उतारांवर उंची सारखीच. आपण चढतो आहोत की उतरतो आहोत हे उंचीवरून कळत नाही.

अशी साधने चांगली, पण आठवड्यातून एकदोनदा त्यांना खऱ्या गाळलेल्या नमुन्याशी ताडून पाहावेच लागते, जसे घड्याळ रेडिओच्या वेळेशी. गंधकाम्लाच्या कारखान्यात तर शेवटच्या मनोऱ्यातले आम्ल साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपासच ठेवायचे असते. ते इकडेतिकडे झाले की धुराड्यातून पांढरे धुके निघू लागते आणि शेजारच्या वस्तीच्या घशाला आधी कळते. मुंबईजवळच्या अंबरनाथला जिचा कारखाना होता ती धरमसी मोरारजी कंपनी १९१९ सालची. शंभर वर्षांत रसायन तेच राहिले, सहनशीलता तेवढी कमी झाली, आणि ते योग्यच झाले.

मामाच्या भुवईतला चट्टा मी विसरलेलो नाही. नमुना घेणे म्हणजे त्या काळी लांब सळीला बाटली बांधून ती टाकीत बुडवायची, वर काढायची, फडक्याने पुसायची. गॉगल असायचा तो खिळ्याला टांगलेला. आजच्या चांगल्या कारखान्यांत बंद पद्धतीचे नमुनापात्र असते: बाटलीच्या रबरी बुचातून सुई आत जाते, आम्ल बाहेरच्या हवेला दिसतसुद्धा नाही. वेग आणि सुरक्षितता इथे हातात हात घालून येतात, कारण उघडे ओतणे गेले की सांडणेही गेले आणि वेळही वाचला. तरी हिंगण्याला किंवा बुटीबोरीला लहान कारखान्यांत चक्कर मारा, सळीला बांधलेली बाटली अजून भेटेल. बँकेच्या कर्जाच्या अर्जात यंत्रसामग्रीच्या यादीत लाखाचे यंत्र असते, पण काही हजारांचे नमुनापात्र आणि डोळे धुण्याचा फवारा नसतो. मी शेवटची काही वर्षे अशा अर्जांवर लाल शाईने ते दोन शब्द लिहीत असे. वरिष्ठांनी एकदा विचारले, हे तारण आहे का? मी म्हटले, हेच तारण आहे. बाकीचे गहाण आहे.

या विषयाचा आपल्याशी, म्हणजे कारखान्यात न जाणाऱ्यांशी, आणखी एक संबंध आहे. वापरून संपलेले आम्ल कुठे जाते? चुन्याने मारून, साका वेगळा करून, मग पाणी सोडायचे, असा नियम. तो पाळला की नाही हे पाहायलाही नमुनाच लागतो. जल प्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात नमुना कसा घ्यायचा, त्याचे दोन भाग करून सील कसे लावायचे, सह्या कुणाच्या, हे सगळे लिहिलेले आहे. लाखेच्या सीलचे माझ्यासारख्याला कौतुकच. नागपूरचे भाग्य असे की १९५८ पासून आपल्या गावात पाणी आणि सांडपाण्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९७४ साली तिला ‘नीरी’ हे आजचे नाव मिळाले. या शास्त्रातला एक छोटा नियम मला फार आवडतो. नदीच्या पाण्यात विरघळलेले धातू मोजायचे असतील तर नमुना काठावरच गाळायचा आणि गाळून झाल्यावरच त्यात टिकवण्यासाठी थोडे नायट्रिक आम्ल घालायचे. क्रम उलटा केला, आधी आम्ल घातले, तर नमुन्यातल्या चिखलाचे धातू त्या आम्लात उतरतात आणि नदी आहे त्याहून विषारी दिसते. आम्ल घातलेच नाही तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि नदी आहे त्याहून निर्मळ दिसते. अंबाझरीकडून निघून शहराची सगळी घाण पोटात घेत कन्हानकडे जाणाऱ्या नाग नदीबद्दल सभांतून जे आकडे फेकले जातात, ते ऐकताना मला दर वेळी विचारावेसे वाटते, बाबा, आधी गाळले होते का?

२०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषणकारी उद्योगांना सांडपाण्यावर अखंड नजर ठेवणारी यंत्रे बसवायला सांगितले. आकडे आपोआप मंडळाकडे जावेत अशी योजना. चांगलीच आहे. पण अखंड आकडा पाठवणाऱ्या यंत्राची नळीही साक्याने तुंबते. तुंबलेले यंत्र तोच जुना, निर्मळ आकडा पाठवत राहते आणि पडद्यावर रेघ कशी सरळ, सुंदर दिसते. बँकेत मी सरळ रेघेला फार भ्यायचो. जिवंत खात्यात चढउतार असतो. महिनोन् महिने एकच शिल्लक दिसली की समजावे, खाते मेले आहे किंवा कुणी तरी हात मारतो आहे.

तो तारांचा कारखाना तगला. कर्जाची फेड लांबवून द्यावी लागली. त्या वर्षी दिवाळीचा बोनस झाला नाही आणि तरुण कामगारांपैकी दोघे बुटीबोरीकडे निघून गेले. केमिस्ट मुलगीही दोन वर्षांनी मोठ्या नोकरीवर गेली. तिची संस्था आता तर स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे, २०२३ पासून. खाणींत पैसा मिळवलेल्या कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला विज्ञानशिक्षणासाठी दिली, त्यातून १९४२ साली ती उभी राहिली. जमिनीतून निघालेला पैसा प्रयोगशाळेत गेला आणि फिरून एका टाकीच्या काठावर आला.

जाण्यापूर्वी तिने टाकीशेजारी एक काळा फळा लावून दिला होता. त्यावर दोनच रकाने: ‘गाळले’ आणि ‘कळले’. दोन्हींत तास-मिनिटे खडूने लिहायची. दोन्ही आकड्यांत अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडले तर तो निकाल धरायचा नाही, टाकीत काही ओतायचे नाही, नवीन नमुना घ्यायचा. प्रयोगशाळेत बाटली पाठवणे बंद झाले होते. ब्युरेट आणि रसायनांची एक छोटी पेटी टाकीजवळच्या खोलीत आली होती. बदलीपूर्वी मी शेवटचा तिथे गेलो तेव्हा मामा गॉगल लावून सिरिंजचा दट्ट्या दाबत होता. अंगठ्याला कळ लागली की थांबायचा, पुन्हा दाबायचा. निवळ, किंचित हिरवट आम्लाचे थेंब छोट्या बाटलीत पडले. त्याने बूच लावले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि फळ्यावरच्या पहिल्या रकान्यात लिहिले: ११.१०. मग मला म्हणाला, “बसा साहेब, चहा येतेच. पन दुसरा आकडा लिवल्याबिगर मी नाई घेत.”